अर्धी ऊर्जा जाते कुठे?

24 व्होल्टला भरलेला 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तेवढ्याच रिकाम्या कपॅसिटरला जोडला. दोन्हींवर 12 व्होल्ट आले, पण हिशेबात अर्धी ऊर्जा कमी भरते. जाड तार लावली तर वाचेल का? (विद्यार्थी, हिंगणा)

नाही वाचणार. आधी 0.288 जूल होते, आता दोन्हींत मिळून 0.144. एकूण विद्युतभार बदलत नाही, म्हणून शेवटचे व्होल्ट ठरलेले आणि तोटाही ठरलेला. बारीक तार सावकाश तापते. जाड तारेत तेवढीच ऊर्जा क्षणात ठिणगीत आणि कपॅसिटरच्या आतल्या रोधात जाते. मधे ऊर्जा धरून ठेवणारी कॉइल हवी.

10 मिलिहेन्रीची कॉइल आणि शॉटकी डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा, कमी व्होल्ट खाणारा भाग) दोन्ही कपॅसिटरच्या मधे सिरीजमध्ये जोडा. प्रवाह शून्यापासून चढतो, सुमारे 5 अँपिअरला पोचतो आणि 7 मिलिसेकंदांत परत शून्यावर येतो. तिथे डायोड त्याला उलटं फिरू देत नाही. कॉइलचा रोध अर्धा ओहम धरला तर दुसऱ्या कपॅसिटरवर साधारण 21.6 व्होल्ट मिळतात, म्हणजे 81 टक्के ऊर्जा. चांगलीच कमाई आहे ही! कॉइलचा गाभा मात्र 6 अँपिअरपर्यंत सॅच्युरेट न होणारा (चुंबकत्वाची मर्यादा न गाठणारा) घ्या, नाहीतर इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करायची कॉइलची क्षमता, हेन्रीत मोजतात) कोसळतो आणि प्रवाह उसळतो. आणि मधेच स्विच उघडू नका. कॉइल मोठा व्होल्टेज फेकते, स्विच जळतो.

बर्डीच्या बाजारातून कॉइल आणण्याऐवजी घरातला ट्यूबलाइटचा जुना चोक चालेल? (धरमपेठ)

नको. इंडक्टन्स हेन्रीच्या घरातला, पण वाइंडिंगचा रोध तीस-चाळीस ओहम. दुसऱ्यावर जेमतेम 15 व्होल्ट येतील. पाहायचा तो रोध आणि इंडक्टन्स यांचा मेळ.

दोन्ही कपॅसिटर सारखे नसतील तर? (सदर)

इथेच माल फुटतो. रिकामा कपॅसिटर 220 मायक्रोफॅरडचा असेल तर त्यावर 39 व्होल्टपर्यंत चढतात. 35 व्होल्टपर्यंतच सोसणारा कपॅसिटर लावला असेल तर गेला. उलट रिकामा मोठा असेल तर पहिला शून्याच्या खाली जाऊन उलटा भरतो आणि इलेक्ट्रोलिटिकला (धन-ऋण टोकं ठरलेल्या कपॅसिटरला) ते सोसत नाही. उपाय सोपा: पहिल्याला समांतर एक डायोड, कॅथोड धन टोकाला. व्होल्ट शून्यावर आले की कॉइलचा प्रवाह त्या डायोडमधून फिरतो आणि उरलेली ऊर्जा दुसऱ्यात ओततो.

गच्चीवरच्या डब्यात कोणता कपॅसिटर टिकेल? (मानेवाडा)

105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा, तसं अंगावर छापलेला. आतलं तापमान 10 अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि मे महिन्यात नागपूरची सावलीच 45 अंशांच्या आसपास असते.