घरगुती वेकबोर्ड विंच: आधी ड्रम ठरवा, इंजिन नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वेकबोर्डवर, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या फळीवर उभं राहून, पाण्यावरून घसरायचं आहे, पण ओढायला बोट परवडत नाही, पाण्याच्या पंपाचं साडेसहा हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन हाताशी आहे, मित्राला वेल्डिंग येतं. त्या इंजिनावर १० सेंमी पीव्हीसी पाइपाचा ड्रम आणि नायलॉनचा दोर लावून स्वस्तात विंच, म्हणजे काठावरून दोर गुंडाळत माणसाला ओढणारं यंत्र, करायचा आहे. मी आजवर तीन विंच बांधले. पहिला एका दिवसात मोडला, बाकीचे दोन अजून चालू आहेत. तुमचं इंजिन पुरेसं आहे. पाइप आणि नायलॉन मात्र दोन्ही बदला. का, ते सविस्तर सांगतो, कारण मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं.

सगळे जण इंजिनापासून सुरुवात करतात. सुरुवात ड्रमच्या व्यासापासून करायला हवी, कारण वेग, ओढ, क्लचचं आयुष्य हे सगळं तिथून ठरतं. हिशोब सोपा आहे. बोर्ड पाण्यावर छान तरंगत राहायला ताशी ३० किमीच्या आसपास वेग लागतो, म्हणजे मिनिटाला ५०० मीटर दोर गुंडाळला गेला पाहिजे. ड्रमचा गाभा २० सेंमी व्यासाचा धरला तर एका फेऱ्यात ६३ सेंमी दोर येतो, म्हणून ड्रमला मिनिटाला ८०० फेरे हवेत. अशी इंजिनं गव्हर्नरवर (इंजिनाच्या वेगाला मर्यादा घालणाऱ्या भागावर) मिनिटाला ३६०० फेऱ्यांपर्यंत जातात. ३६०० ला ८०० ने भागलं की साडेचार. क्लचवर १० दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), ड्रमच्या शाफ्टवर ४५ दातांचं. मधे दुसरा शाफ्ट नाही, दुसरी चेन नाही. यातच निम्मा खर्च वाचतो.

आता १० सेंमी पाइपाचं काय होतं ते बघा. दोर गुंडाळला जातो तसा ड्रम जाड होत जातो आणि तेवढ्याच रेसवर वेग वाढत जातो. ४ मिमी जाडीचा २०० मीटर दोर थोडा सैल गुंडाळला तर साधारण ४ लिटर जागा खातो. ड्रमची रुंदी २० सेंमी असेल तर २० सेंमीचा गाभा भरून साडेपंचवीस सेंमीपर्यंत जातो, म्हणजे ३० चा वेग शेवटी ३८ होतो. रेसच्या खटक्यावरचा अंगठा थोडा सैल केला की हे सांभाळता येतं. पण १० सेंमीचा गाभा भरून जवळजवळ १९ सेंमी होतो. सुरुवातीला ३० वर असलेला माणूस शेवटी ५६ वर येतो, आणि तेही किनारा अगदी समोर आलेला असताना. शिवाय छोट्या ड्रमला त्याच वेगासाठी दुप्पट फेरे लागतात.

ओढीचाही हिशोब एकदा करून घ्या म्हणजे मनाला खात्री पटेल. होंडा जीएक्स२०० हे या वर्गातलं सर्वांत परिचित इंजिन. १९६ सीसी, आणि २५०० फेऱ्यांवर १२.४ न्यूटन-मीटर टॉर्क. साडेचार पटीने ड्रमवर ५६ होतो. १० सेंमी त्रिज्येवर ५६० न्यूटन, म्हणजे रिकाम्या ड्रमवर साधारण ५७ किलोची ओढ, आणि भरलेल्या ड्रमवर ४४. चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये काही जातं. काठावर बसून किंवा उथळ पाण्यात उभं राहून सुरुवात करणाऱ्याला एवढं पुरतं. खोल पाण्यात बुडालेल्या अवस्थेतून, तेही वजनदार माणसाला वर काढायचं असेल तर हे इंजिन धापा टाकतं. तिथे ९ किंवा १३ हॉर्सपॉवरचं लागतं. त्यामुळे आधी सुरुवातीची जागा बदला. बहुतेकांचं इंजिन न बदलता काम होतं.

पीव्हीसी पाइपाबद्दल. आमच्या पहिल्या विंचला तोच होता, जाड भिंतीचा. दुपारपर्यंत पाच-सहा खेपा झाल्या, सगळे खूश होते. मग ड्रममधून एक बारीक करकर ऐकू यायला लागली. इंजिन बंद करून दोर बाजूला केला तर पाइप मधोमध चिमटीत धरल्यासारखा आत गेलेला, त्यावर पांढरट रेषा उमटलेल्या, आणि तळाचे वेढे त्या खाचेत इतके रुतलेले की स्क्रूड्रायव्हरने उचकटूनही सुटेनात. ताणलेल्या दोराचा एकेक वेढा थोडाच आवळतो, पण एकावर एक चारशेच्या वर वेढे बसले की त्यांचा मिळून दाब प्रचंड होतो. तोच दाब बाजूच्या तबकड्यांनाही बाहेर ढकलतो. आमची एक तबकडी बोटभर कलली होती आणि दोर तिच्यावरून घसरून शाफ्टला वेढे घालायला लागला होता.

म्हणून गाभ्याला स्टीलच्या पाइपाचा तुकडा घ्या. भंगारात २० सेंमीच्या आसपासचे तुकडे मिळतात. नाहीतर प्लायवूडच्या गोल चकत्या एकमेकींवर चिकटवून भरीव गाभा करा. तबकड्या १८ मिमी प्लायच्या चालतात, पण दोन्ही तबकड्या आरपार सहा लांब बोल्टांनी आवळलेल्या हव्यात. नुसत्या स्क्रूंवर भरवसा नको. शाफ्ट २५ मिमी, दोन्ही टोकांना प्लमर ब्लॉक (बेअरिंग असलेले ठोकळे), आणि स्प्रॉकेट शाफ्टवर की-वे (चावी बसवायची खाच) पाडूनच बसवा. नुसत्या ग्रब स्क्रूवर (डोकं नसलेल्या छोट्या स्क्रूवर) बसवलेलं स्प्रॉकेट पहिल्या झटक्याला शाफ्टवर फिरतं. लेथवाल्याकडे जायचं ते एवढ्याच कामासाठी, बाकी सगळं ड्रिल आणि वेल्डिंगवर भागतं. चेन मोटारसायकलची ४२० नंबरची चालते, तिच्या कड्यांमधलं अंतर अर्धा इंच असतं. ४० नंबरच्या स्प्रॉकेटचं अंतरही अर्धा इंचच, पण दाते जास्त रुंद असतात आणि ४२० त्यांवर बसत नाही. तेव्हा चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं एकाच नंबरची घ्या.

दोर. इथे पैसे वाचवू नका, ही माझी कळकळीची विनंती. नायलॉन पाण्यात बुडतो आणि रबरासारखा ताणतो. आधी इंजिन दोर ताणत बसतं, मग माणूस एकदम झेपावतो, मग ढील पडते, पुन्हा झटका. हा झाला त्रास. धोका वेगळाच आहे. ताणलेला नायलॉन तुटला किंवा हातातून हँडल सुटलं की त्यात साठलेली सगळी ताकद हँडलला घेऊन विंचकडे येते, आणि तिथे तुमचा मित्र बसलेला असतो. डायनिमा किंवा स्पेक्ट्रा या अतिमजबूत पॉलिथिलीन धाग्यांचा ४ मिमी दोर जवळजवळ ताणत नाही, पाण्यावर तरंगतो, आणि हजार किलोच्या वर भार घेतो. तेवढे पैसे नसतीलच तर पोकळ विणीचा पॉलिप्रॉपिलीन घ्या. तोही तरंगतो, नायलॉनपेक्षा कमी ताणतो, फक्त जाड लागतो, म्हणून ड्रमवर जागा जास्त द्या. २०० मीटर परवडत नसेल तर १२० मीटरने सुरुवात करा, पण दोर चांगलाच घ्या.

डायनिमाला साधी गाठ मारू नका. तो इतका गुळगुळीत असतो की गाठ हळूहळू सरकते, आणि न सरकणाऱ्या गाठीतही दोराची जवळपास निम्मी ताकद जाते. त्याचं टोक त्याच्याच पोकळ विणीत ओवून फास तयार करतात. ओवलेला भाग दोराच्या जाडीच्या ७२ पट, म्हणजे ४ मिमीला साधारण ३० सेंमी ठेवायचा आणि शेवटी दोऱ्याने टाके घालायचे. एका संध्याकाळी हात बसतो. आणखी एक: हा दोर १५० अंशांच्या आसपास वितळतो. झाडावरून, लोखंडी कडेवरून घासत नेला तर बघता बघता खराब होतो. जिथे वळण आहे तिथे फिरती कप्पीच हवी.

क्लच तुमच्यासाठी गो-कार्टचा (छोट्या शर्यतीच्या गाडीचा) सेंट्रिफ्युगल, म्हणजे फेरे वाढले की आपोआप पकडणारा, हे ठरलेलंच धरा. तो २००० फेऱ्यांच्या आसपास पकडतो, आणि इंजिन मंद चालत असताना ड्रम मोकळा राहतो. म्हणून दोर पाण्याकडे ओढून न्यायला काही वेगळं करावं लागत नाही. क्लच इंजिनाच्या शाफ्टवरच लावा. मंद फिरणाऱ्या शाफ्टवर लावला तर त्याला पकडायला लागणारे फेरे मिळतच नाहीत. चालवणाऱ्याला एक सवय लावा: रेस ठामपणे द्यायची, अर्धवट रेसवर माणसाला पाण्यात रेंगाळत ठेवायचं नाही. अर्धवट रेसवर क्लच घसरत राहतो, तापतो, आणि त्याची वाटी निळी पडते. निळी वाटी दिसली की गिअरिंग चुकलंय किंवा अंगठा चुकतोय असं समजा. मोठ्या स्प्रॉकेटला पाच-सहा दाते वाढवून बघा.

गव्हर्नर काढून जास्त फेरे घेण्याचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. ऐकू नका. या इंजिनांचं ओतीव फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉड ३६०० साठी बनवलेले असतात. जास्त फेऱ्यांवर फ्लायव्हील फुटलं तर ते तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर फुटतं.

ब्रेकशिवाय विंच पाण्यावर नेऊ नका. रेस सोडली की क्लच सुटतो, पण ड्रम जडत्वाने फिरतच राहतो आणि सैल पडलेला दोर कसाही गुंडाळला जातो. मग जो गुंता होतो तो सोडवण्यात तासन्‌तास जातात. माणूस दोर घेऊन पाण्याकडे चालत जातो तेव्हाही ड्रमला हलकी रोख लागते, नाहीतर तो थांबला की ड्रम पुढे पळतो. सायकलचा डिस्क ब्रेक शाफ्टवर बसवला की दोन्ही कामं होतात. रेससाठी स्कूटरची मूठ नको, चारचाकी बाइकला असतो तसा अंगठ्याचा खटका लावा, आणि तो स्प्रिंगने आपोआप मागे आलाच पाहिजे. इंजिन बंद करायची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. चेनवर पत्र्याचं झाकण.

भंगारात हात घालण्याआधी दोन पर्याय तपासा. एक म्हणजे बंद पडलेली गो-कार्ट. तिच्यातच क्लच, चेन, मोठं स्प्रॉकेट, एक्सल आणि ब्रेक एकत्र मिळतात, सुटे घेण्यापेक्षा खूप स्वस्तात. दुसरा, मला मनापासून आवडणारा, म्हणजे ११० किंवा १२५ सीसीच्या गिअर नसलेल्या स्कूटरचं मागचं अख्खं युनिट. इंजिन, बेल्टचं ट्रान्समिशन, क्लच, ब्रेक सगळं आयतं. स्कूटरच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो, त्यामुळे ते एका जागी उभं राहून चाललं तरी थंड राहतं. वाऱ्यावर थंड होणारं मोटारसायकलचं इंजिन मात्र तसं चालत नाही. मागचा टायर काढला की १० इंची रिम हाच ड्रम. टायरचा बाहेरचा व्यास साधारण ४३ सेंमी आणि रिमचा २५, म्हणजे स्पीडोमीटरच्या भाषेत ५१ वर चालवलं की दोर ३० ने येतो. अडचण एवढीच की रिम अरुंद असते. २०० मीटर दोर मावायला दोन्ही बाजूंना ४५ सेंमीच्या तबकड्या लागतात आणि भरता भरता व्यास ४० च्या जवळ जातो. अंगठ्यावर चांगला ताबा असलेला माणूसच तिथे बसवा.

फ्रेमबद्दल फार लिहीत नाही, चौकोनी पाइपाची कशीही करा. फक्त दोर ज्या उंचीवरून बाहेर पडतो ती जागा शक्य तितकी खाली ठेवा, म्हणजे विंच पुढे कलंडणार नाही. मागून रुंद पट्ट्याने झाडाला किंवा गाडीच्या हुकाला बांधा. जमिनीत ठोकलेल्या एका खुंटीवर विसंबू नका. कप्पी लावून दोर उलट्या दिशेने वळवलात तर त्या कप्पीच्या बांधणीवर ओढीच्या दुप्पट भार येतो, हे विसरू नका.

हँडलजवळचा दोराचा शेवटचा २० मीटर भाग भडक रंगाच्या टेपने गुंडाळा. टेप ड्रमपाशी दिसली की रेस सोडायची, समोर माणूस कितीही छान चालला असला तरी. हँडल वेगात विंचपर्यंत आलं तर काय होतं ते मी पाहिलंय, दोराला वाट दाखवणारा रोलर त्या हँडलने मुळासकट उखडून नेला होता. हँडलला हात किंवा पाय अडकेल असा कुठलाही फास नको. चालवणाऱ्याच्या हाताशी धारदार सुरा हवा, आणि दुसरा एक माणूस फक्त पाण्यावर नजर ठेवायला. आडव्या दोरावर बोट किंवा पोहणारा येणार असेल तर खेप सुरूच करायची नाही. पहिल्या दहा खेपा माणसाशिवाय करा. हँडलच्या जागी गाडीचा जुना टायर बांधा आणि तो पाण्यातून ओढून आणा. क्लच, ब्रेक, वेढे कसे बसतात, सगळं त्यात कळतं.

आता तुमचं काम: खरेदीला जाण्याआधी इंजिनाचा शाफ्ट कॅलिपरने मोजा आणि त्याचा फोटो टाका. तो सरळ आणि की-वे असलेला हवा. पंपाच्या काही इंजिनांना आटे असलेला शाफ्ट येतो, जनरेटरच्या अनेक इंजिनांना निमुळता, आणि या दोन्हींवर क्लच बसत नाही. सरळ असेल तर व्यास १९.०५ मिमी आहे की २०, तेही नीट बघा. पाऊण इंची क्लच २० मिमीच्या शाफ्टवर जात नाही. आकडा कळला की कोणता क्लच घ्यायचा ते सांगतो.