घरट्यापासून किती दूर उभे राहावे?

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून स्कॉटलंडमध्ये इनव्हर्नेसजवळ राहतो. पुण्यात असताना दर हिवाळ्यात भिगवणला जाऊन, उजनीच्या पाण्यातील खुंटांवर बसलेला ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी आम्ही होडीतून अगदी जवळून पाहत असू. यंदा एप्रिलअखेरीस आमच्या फिरण्याच्या वाटेजवळ, एका जुन्या पाइन वृक्षाच्या शेंड्यावर, त्याचे घरटे आढळले. आम्ही दीडशे मीटरवर थांबून पाहतो. मादी उडून जात नाही, फक्त घरट्यात अंग चोरून बसते. आमचा तिला त्रास होत नाही, असे समजावे काय? आणि छायाचित्रे ठिकाणासह मित्रांना पाठवावीत काय?
– एक वाचक, इनव्हर्नेस

उत्तर : मादी उडत नाही, एवढ्यावरून ती निर्धास्त आहे असे कृपया समजू नका. मान खाली घालून घरट्याच्या काठाआड चपटे होऊन बसणे हे दडण्याचे लक्षण आहे. म्हणजे तिने आपल्याला पाहिले आहे आणि ती आपल्याकडे लक्ष ठेवून आहे. याच्या पुढची पायरी म्हणजे उभे राहून तीक्ष्ण स्वरात पुन्हा पुन्हा ओरडणे, आणि त्याच्याही पुढची म्हणजे घरट्यावर घिरट्या घालणे. ती उडेपर्यंत वाट पाहिली, तर फार उशीर झालेला असतो.

भिगवणच्या अनुभवाने येथे दिशाभूल होते. तेथे येणारा ऑस्प्रे हिवाळी पाहुणा असतो; होडी फार जवळ आली तर तो दुसऱ्या खुंटावर जाऊन बसतो. (त्यालाही वारंवार उठवू नये, कारण त्याची शिकारीची वेळ आणि शक्ती वाया जाते.) घरट्यावरच्या मादीला मात्र अशी मुभा नसते. ही जोडी साधारणतः तीन अंडी घालते, ती सुमारे 37 दिवस उबवावी लागतात, आणि उबवण्याचे बहुतेक काम मादीच करते. नर मुख्यतः मासे आणून देतो. स्कॉटलंडच्या थंड, पावसाळी वसंतात ती अर्धा तास जरी अंड्यांवरून उठली, तरी अंडी गार पडण्याचा आणि कावळ्यांनी ती पळवण्याचा धोका असतो. पिल्लांना पहिल्या काही दिवसांत स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून जूनचा पूर्वार्धही तितकाच नाजूक असतो.

रस्त्याकडेच्या घरट्यावरील पक्षी जाणाऱ्या मोटारींना सरावतात हे खरे. परंतु पायी येऊन थांबणारा आणि वर टक लावून पाहणारा माणूस त्यांना फार वेगळा वाटतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की दीडशे मीटर हे अंतर अपुरे आहे. काही शे मीटर मागे सरा, टेलिस्कोप वापरा, आणि वाट घरट्याजवळूनच जात असेल तर न थांबता पुढे जा. ड्रोन तर मुळीच उडवू नये. अंडी-पिल्ले असताना ऑस्प्रेला जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने त्रास देणे हा तेथे गुन्हा आहे.

ठिकाणाबद्दलच्या आपल्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. बंदुका आणि अंडी गोळा करणाऱ्यांचा हव्यास यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी हा पक्षी ब्रिटनमधून प्रजननासाठी जवळजवळ नाहीसा झाला होता. 1954 साली स्कॉटलंडमधील लॉख गार्टेन या सरोवराच्या परिसरात एक जोडी पुन्हा आली. 1958 मध्ये पहारा असतानाही एका चोराने रात्री झाडावर चढून अंडी काढली. पळताना ती फुटली, आणि घरट्यात मागे उरली ती त्याने ठेवलेली, रंगवलेली कोंबडीची अंडी. त्यानंतर आर.एस.पी.बी. या पक्षिसंरक्षण संस्थेचे जॉर्ज वॉटरस्टन यांनी धाडसी निर्णय घेतला : गुप्तता सोडून, ठरावीक अंतरावर लपण (आडून पक्षी पाहण्याची जागा) उभारून, 1959 मध्ये हे एक घरटे लोकांसाठी खुले केले. त्या हंगामात सुमारे 14,000 लोक आले आणि तीन पिल्ले उडाली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे लोकांची ओढ एका राखलेल्या जागी वळली. परंतु तेथे पहारा, कुंपण आणि नेमकी वाट होती. आपल्या पाइनखाली यांपैकी काहीच नाही. 2021 मध्ये वेल्समधील लिन ब्रेनिग येथे तर अंडे असलेल्या घरट्याचा खांबच कुणीतरी रात्री यांत्रिक करवतीने कापून टाकला.

म्हणून ठिकाण कोणालाही कळवू नका. छायाचित्रातील स्थाननोंदही काढून टाका. माहिती द्यायचीच असेल तर आर.एस.पी.बी.ला द्या. मित्रांना लॉख गार्टेनला न्या. इनव्हर्नेसहून मोटारीने ते तासाभराच्या आत आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपली जोडी पश्चिम आफ्रिकेकडे निघून गेल्यावर त्या झाडाखाली निःशंकपणे जाता येईल. मात्र ऑस्प्रे वर्षानुवर्षे त्याच घरट्याकडे परततो, त्यामुळे तेव्हाही जागा गुप्तच ठेवावी.