वाचकांचे प्रश्न : शेपटीची हालचाल आणि 45 दिवसांचे औषध

प्रश्न : बंद पडलेल्या एका पक्षीविक्री दुकानातून प्राणिमित्रांनी सोडवलेली कॉकटिएल या तुरेवाल्या लहान पोपटांची जोडी आम्ही महिन्यापूर्वी घरी आणली. नर शिंकत होता, त्याचे डोळे चिकटत होते आणि विष्ठा गडद हिरवी होत होती. पशुवैद्यांनी सिटॅकोसिसची (पक्ष्यांच्या एका जंतुसंसर्गाची) शंका व्यक्त करून दोघांनाही डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक 45 दिवस देण्यास सांगितले आहे. आठव्या दिवशीच नर शीळ घालू लागला. एवढे दिवस औषध देणे खरोखर आवश्यक आहे का? मादी मात्र अजून शेपटी हलवत बसते. तिला ओवा आणि निलगिरीचा वाफारा द्यावा का? घरात सासूबाईंना दमा आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी वाफाऱ्याचे पातेले खाली ठेवा. पक्ष्याची फुप्फुसे आपल्यासारखी फुगत नाहीत आणि त्याच्या छातीखाली श्वासपटलही नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलते आणि शरीरभर पसरलेल्या 9 वायुकोशांच्या (हवेच्या पातळ पिशव्यांच्या) भात्याने हवा फुप्फुसांतून खेळवली जाते. ही व्यवस्था इतकी कार्यक्षम असते की खोलीतला धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, निलगिरीचे तेल किंवा फार तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा न दिसणारा धूर आपल्याला जाणवण्याआधी पक्ष्याला भोवतो. गरम वाफेने तर आधीच धापा टाकणारा पक्षी अधिक तापतो. नेब्युलायझरमधील सलाइनचा तुषार ही वेगळी गोष्ट आहे. तो थंड असतो आणि पशुवैद्यांनी सांगितल्यास झाकलेल्या खोक्यात 10 ते 15 मिनिटे देता येतो.

मादीची शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर हापशाच्या दांड्यासारखी खाली-वर होत असेल, तर तिला श्वासासाठी कष्ट पडत आहेत. उडून आल्यावर क्षणभर असे होणे स्वाभाविक असते, म्हणून ती 10 मिनिटे शांत बसल्यानंतर, पिंजऱ्यापासून दूर उभे राहून पाहा. चोच उघडी ठेवून, मान ताणून ती पिंजऱ्याच्या तळाशी बसली असेल, तर या अंकाची वाट न पाहता त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यायला हवे होते आणि अजूनही न्यावे. नेताना मुठीत छाती आवळू नका, कारण छातीचे हाड हलले नाही की श्वासच थांबतो.

घरच्या शुश्रूषेत सर्वांत मोठे काम ऊब करते. लहान पिंजरा तीन बाजूंनी चादरीने झाका, एका टोकाला बाहेरून 40 वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा आणि दांडीच्या उंचीवर थर्मामीटर अडकवून तापमान 29 ते 32 अंश सेल्सिअस राखा. (एलईडी दिवा या कामाचा नाही, कारण तो उजेड देतो, ऊब देत नाही.) दुसरे टोक थोडे थंड राहू द्या, म्हणजे तिला स्वतः जागा निवडता येईल. पंख अंगापासून दूर धरून ती धापा टाकू लागली तर उष्णता जास्त झाली आहे असे समजावे. रात्री झोपेसाठी अंधार हवा, तेव्हा बल्बऐवजी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी बाहेरून टेकवावी आणि ती निवली की बदलावी.

आता 45 दिवसांविषयी. सिटॅकोसिसचा जंतू पेशींच्या आत राहतो आणि त्याची वाढ चालू असतानाच हे औषध त्याला गाठते. काही जंतू वाढ थांबवून दबून बसतात, म्हणून इतका लांब काळ ठरवला गेला आहे. नराची शीळ ऐकून औषध थांबवले, तर तो वरून धडधाकट आणि आतून जंतू पसरवणारा राहू शकतो. हा जंतू विष्ठेतून रोज बाहेर पडतोच असे नाही, म्हणून मधल्या काळातील एखादी चाचणी निर्दोष आली तरी तेवढ्यावर औषध सोडू नये. उपचार चालू असेपर्यंत समुद्रफेस आणि कॅल्शियमची वडी पिंजऱ्यातून काढून ठेवा, कारण कॅल्शियममुळे डॉक्सिसायक्लिन अंगी लागत नाही. औषध पाण्यात मिसळण्याचा मोह अनेकांना होतो; पण आजारी पक्षी पाणी कमी पितो आणि किती औषध पोटात गेले हे कळत नाही. पक्षी टॉवेलमध्ये सैल धरून, सिरिंजने चोचीच्या बाजूने थेंब थेंब द्या आणि प्रत्येक थेंब गिळू द्या. घाईत दिलेला थेंब श्वासनलिकेत जाऊन नवाच आजार उभा करतो. थंडी वाजते म्हणून ब्रँडी पाजण्याची पद्धत अजून ऐकू येते, ती सोडून द्यावी.

सकाळी पहिली विष्ठा झाल्यावर आणि दाणे टाकण्याआधी दोघांचे वजन एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातील काट्यावर करून वहीत लिहा. माझ्याकडे आणलेली एक मादी दिवसभर दाणे फोडताना दिसायची आणि वाटीत पडलेल्या चुऱ्याकडे बघून घरचे निश्चिंत होते. काट्यावर ती 92 ग्रॅमवरून 81 वर आली होती. दाणा चोचीत फिरवून ती खाली टाकत होती, गिळत नव्हती. मूळ वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढी घट झाली तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका.

सासूबाईंना या खोलीपासून दूर ठेवा, कारण हा आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही होतो. तळाचे कागद पाण्याने भिजवून मगच गुंडाळा, कोरडा झाडू मारू नका, मास्क वापरा आणि हात धुवा. पिंजरा निर्जंतुक करताना आधी पक्षी दुसरीकडे हलवा, मग पिंजरा साबणाने धुऊन ब्लीचचे 1 भागास 100 भाग पाणी असे मिश्रण लावा आणि पुन्हा धुऊन वाळवा. घरातील कोणाला ताप, तीव्र डोकेदुखी आणि कोरडा खोकला झाला, तर डॉक्टरांना पक्ष्यांचा आजार आपणहून सांगा, कारण ते आपल्याला पोपटाविषयी विचारतीलच असे नाही.

प्रश्न : शेजाऱ्यांनी 11 वर्षे सूर्यफुलाच्या बिया आणि चहा-चपातीवर पाळलेला पहाडी पोपट आता आमच्याकडे सोडला आहे. त्याची एक नाकपुडी मोठी झाली असून तीत खडा बसल्यासारखा दिसतो. शिंका आणि सर्दी औषधाने थांबतात आणि महिन्याभरात परत येतात. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तो खडा सुईने किंवा टाचणीने उकरू नका. धूळ, स्राव आणि सुटलेल्या पेशी साचून तो वर्षानुवर्षे घट्ट होत जातो, आणि त्याखालची त्वचा सहज रक्ताळते. पशुवैद्य तो आधी मऊ करून काढतील. तो पुन्हा का बनतो, हे मात्र आहारात शोधावे लागेल. सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर आणि अ जीवनसत्त्व अत्यल्प असते. त्याच्या अभावी नाक-घशाचे ओलसर अस्तर जाड आणि कोरडे होते, आणि जंतूंना तिथे ठाण मांडणे सोपे जाते. शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, तांबडा भोपळा, पिकलेली पपई आणि लाल मिरची यांनी ही उणीव हळूहळू भरून निघते. तथापि सर्दी जोरात असताना आहार बदलू नका. ओळखीचे अन्न काढून घेतले तर हट्टी पोपट उपाशी राहतो. आधी त्याला बरे होऊ द्या, मग एक-एक घास वाढवा. जीवनसत्त्वाचे थेंब अंदाजाने घालू नयेत, अतिरेकानेही अपाय होतो.

आणखी एक गोष्ट आपल्याला रुचणार नाही. पहाडी पोपट हा देशी पक्षी आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो घरी पाळता येत नाही, मग तो कितीही प्रेमाने सांभाळलेला असो. 1926 या क्रमांकावर वनविभागाला कळवा, म्हणजे त्यांच्या मार्गदर्शनाने उपचार होतील. उघड्या खिडकीतून सोडून देणे हा उपाय नाही. 11 वर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या आजारी पक्ष्याला रानात अन्न शोधता येत नाही.

प्रश्न : दुसऱ्या घरून आलेल्या आमच्या आफ्रिकन ग्रे पोपटाचा आवाज पावसाळ्यात घोगरा झाला. दोन वेगवेगळी प्रतिजैविके देऊनही फरक नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बोलणाऱ्या पोपटाचा आवाज बदलणे हे श्वासनलिकेच्या तळाशी, जिथे आवाज निर्माण होतो तिथे, काहीतरी वाढत असल्याचे लक्षण असू शकते, आणि दमट हवेत प्रथम शंका बुरशीची घ्यावी लागते. प्रतिजैविके बुरशीवर चालत नाहीत. स्टेरॉइड तर तिला मोकळे रान देते, म्हणून ते मागून घेऊ नका. एक्स-रे आणि शक्य असल्यास दुर्बिणीची तपासणी करून घ्या. इट्रॅकोनाझोल हे बुरशीवरचे औषध या जातीला सोसतेच असे नाही, तेव्हा दुसऱ्या पोपटाची उरलेली बाटली वापरू नये. भुईमुगाच्या शेंगा आणि साठवलेले दाणे फेकून द्या. हातात घेतलेल्या दाण्याला कुबट वास येत असेल, तर बुरशी दिसण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.