त्याच्या नावाचा चषक

प्रश्न: माझा धाकटा मुलगा सातव्या वर्षी ब्लड कॅन्सरनं गेला. दीड वर्ष झालं. सासरे त्याच्या नावानं फुटबॉलचा चषक सुरू करायचा म्हणतात, मिस्टरांचंही तेच. मला मैदानाकडं बघवत नाही. त्याच्या पायावरचे निळे डाग मी खेळताना लागलेला मार समजले होते. थोरली आठवीत आहे, ती काही बोलत नाही. चषकाला नको म्हटलं तर मी वाईट ठरते. काय करू?
– एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

ताई, आधी त्या डागांचं बोलू. खेळणाऱ्या पोराच्या नडगीवर डाग दिसला तर कुठलीही आई मारच समजेल. या आजारात रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी होतात, म्हणून तसे डाग उठतात. ताप, फिकट पडणं, पाय दुखणं ही बाकीची लक्षणंही रोजच्या दुखण्यासारखीच असतात. रक्त तपासल्याशिवाय डॉक्टरांनाही निदान करता येत नाही. मुलांना हा आजार का होतो, ते बहुतेक वेळा सापडतच नाही. तुम्ही काय खाऊ घातलंत, कधी रागावलात, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तरी मन ऐकत नसेल तर त्याच्या डॉक्टरांना भेटून तोंडावर विचारा. मिस्टरांना सोबत न्या. त्यांच्याही मनात असंच काही साचलेलं असणार.

चषक होऊ द्या. पेठेतला आजोबा नातवासाठी मैदानच मागणार. मात्र बक्षीस तुमच्याच हातून द्यायचं, हा आग्रह कुणी धरू नये. हे मिस्टरांना आत्ताच सांगून ठेवा.

आणि त्यात तुमचंही काही असू द्या. किमो चालू असताना प्लेटलेटसाठी केलेली फोनाफोनी तुम्ही विसरला नसाल. पिशवीतल्या प्लेटलेट जेमतेम 5 दिवस टिकतात. पुण्यतिथीच्या शिबिरातून मिळालेल्या प्लेटलेट पुढच्या महिन्यातल्या पोराला पुरत नाहीत, त्याला ऐनवेळी धावून येणारी माणसं लागतात. कोल्हापुरात ती तालमीतालमीत आहेत, फुटबॉलचे संघही तालमींचेच! स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक संघानं 18 वर्षांवरच्या दहा जणांची नावं, रक्तगट, मोबाईल नंबर द्यायचे, ही अटच घाला. मशीनवर प्लेटलेट घेण्याची सोय असलेल्या रक्तपेढीशी बोलून यादी तिथं द्या. प्लेटलेट देणं हे तास-दीड तासाचं काम असतं. लाल पेशी परत अंगात सोडतात, त्यामुळं रक्तदानासारखं तीन महिने थांबावंही लागत नाही.

पण खरी काळजी मला थोरलीची वाटते. तुमच्या एवढ्या पत्रात तिच्या वाट्याला एकच वाक्य आलंय. भावाच्या उपचारांच्या काळात तिला कुणाकडं तरी ठेवलं असेल, आणि आपलं दुखलं-खुपलं सांगायचं नाही, हे तेव्हाच तिच्या अंगवळणी पडलं असेल. आता चषकावर, फोटोखाली, सगळ्यांच्या तोंडी भावाचं नाव येणार. तिला काय हवंय ते तिला एकटीला गाठून विचारा, लगेच उत्तर मागू नका. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांच्या कानावर घाला. तिनं यंदा नको म्हटलं तर चषक पुढच्या वर्षावर ढकला. सासऱ्यांना ते मिस्टरांनी सांगावं, तुम्ही नव्हे.