टेस्ट पास, गेम क्रॅश

प्रश्न: ताई, माझ्याकडे रायझन ७ ७७०० प्रोसेसर आणि १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम स्टिक आहेत. किट ६००० सीएल३० चं (६००० हा वेग, सीएल म्हणजे मागणीनंतर डेटा येईपर्यंतचे क्लॉक). मी ते ६४०० सीएल३२ वर नेलं आणि एका व्हिडिओत पाहून टीआरईएफआय नावाचं टायमिंग ६५५३५ केलं. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या एकही एरर न देता पूर्ण झाल्या. तरी तासभर खेळलं की गेम बंद पडतो आणि मोठी झिप उघडताना अधूनमधून सीआरसी एरर (डेटा बिघडल्याची खूण) येते. वेग मोजणाऱ्या आयडा६४ मध्ये लेटन्सीसुद्धा (रॅमचा प्रतिसाद यायला लागणारा वेळ) आधीपेक्षा वाढलेली दिसते. मित्र म्हणतो, डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुकलेले बिट दुरुस्त करणारी सोय) असतंच, म्हणजे दोष रॅमचा नाही. मग कुणाचा? आणि आणखी दोन स्टिक घातल्या तर चालतील का?

उत्तर: आधी एक्स्पो प्रोफाइल (किटमध्ये आलेली तयार सेटिंग) लावून ६००० वर परत जा आणि दोन दिवस तसेच खेळा. क्रॅश थांबले, तर आरोपी सापडला. माझा संशय टीआरईएफआयवर आहे, आणि तुमची मेमटेस्ट त्याला पकडू शकली नाही यात मला नवल वाटत नाही.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे बारीक भोक पडलेला तांब्या. ठरावीक वेळाने पुन्हा भरला नाही, तर त्यात काय होतं ते सांगता येत नाही. टीआरईएफआय म्हणजे दोन भरण्यांमधलं अंतर. डीडीआर५ मध्ये ते साधारण ३.९ मायक्रोसेकंद धरलेलं असतं. ६४०० ची रॅम ३२०० मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे हे झाले सुमारे १२,५०० क्लॉक. तुम्ही लिहिलेत ६५५३५, म्हणजे साडेवीस मायक्रोसेकंद. पाचपटीहून जास्त! रिफ्रेश चालू असताना त्या भागातलं वाचन-लेखन खोळंबतं, म्हणून हे अंतर वाढवलं की वेग खरोखर वाढतो. मोह होतो तो उगीच नाही. पण गळती तापमानाबरोबर वाढते. ८५ अंशांच्या वर रिफ्रेश दुप्पट करावा, असं मानकातच सांगितलेलं आहे.

आता मेमटेस्ट८६ कधी चालते ते आठवा. विंडोज सुरू नाही, ग्राफिक्स कार्ड निवांत, कॅबिनेट थंड. गेममध्ये तेच कार्ड तासभर गरम हवा थेट स्टिकवर सोडत असतं. तुम्ही थंड रॅमची परीक्षा घेतलीत आणि काम गरम रॅमकडून करून घेताय. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये त्याचा आकडा दिसतो. कॅबिनेटचं झाकण लावून टेस्टमेम५ ही विंडोजमध्ये चालणारी रॅमची टेस्ट चालवा आणि त्याच वेळी ग्राफिक्स कार्डावरही पूर्ण लोड द्या. ताणलेल्या टीआरईएफआयबरोबर स्टिक पन्नाशीच्या वर जात असेल, तर मी तो आकडा निम्म्यावर आणते आणि टेस्ट पुन्हा लावते. एक एरर आली तरी सेटिंग नापास. ‘फक्त एकच आली’ हे मला कुणी सांगू नये.

मित्राचं ईसीसी अर्धं खरं आहे. ते चिपच्या पोटात असतं आणि १२८ बिटांच्या गटातला एक चुकलेला बिट दुरुस्त करतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काही बिघडलं, तर त्याला पत्ताही नसतो. शिवाय पोटात केलेल्या दुरुस्त्यांची खबर ते विंडोजला देत नाही, त्यामुळे काठावर आलेली रॅमही बराच काळ निरोगी दिसते.

लेटन्सीचं कोडं वेगळं. झेनटायमिंग्ज हा प्रोग्रॅम उघडा आणि एमसीएलके (रॅमचा वेग) व यूसीएलके (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचा वेग) हे दोन आकडे पाहा. ६००० च्या वर गेलं की ‘ऑटो’वर ठेवलेला बायोस बरेचदा मेमरी कंट्रोलरचा वेग निम्मा करतो. ३२०० समोर १६०० दिसले, तर उत्तर मिळालं. दोन्ही सारखे ठेवून ३२०० गाठणं प्रत्येक प्रोसेसरला जमत नाही, आणि व्होल्टेज चढवत ते जमवण्यात मला फारसा रस नाही.

कारण हिशेब करून पाहा. सीएल गुणिले २०००, भागिले रॅमचा वेग. ६००० सीएल३० चे येतात १० नॅनोसेकंद. ६४०० सीएल३२ चेही १०. राहिली बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा वाहतो ते. दोन चॅनेलची ६००० ची रॅम कागदावर सेकंदाला ९६ जीबी देते. पण तुमच्या प्रोसेसरमध्ये कोअरची चकती एकच, आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारी आतली वाट) २००० मेगाहर्ट्झवर असेल तर तिच्यापर्यंत वाचनाचे ६४ जीबीच पोचू शकतात. म्हणजे रॅम आधीच वाटेपेक्षा रुंद आहे. तुमच्या जागी मी ६००० च ठेवून टीआरएफसीसारखी (एका रिफ्रेशला लागणारा वेळ) दुय्यम टायमिंग कमी केली असती, एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदलानंतर गेममधला सर्वांत कमी एफपीएस मोजला असता. आयडाचा आकडा सुंदर दिसतो, पण खेळताना अडखळतं ते तिथे दिसत नाही.

एक काम मात्र आजच करा. या काळात उघडलेल्या आणि सेव्ह केलेल्या महत्त्वाच्या फाइल जुन्या बॅकअपशी ताडून पाहा, आणि एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजची कमांड चालवून विंडोजच्या फाइल तपासा. बिघडलेली रॅम चुकीची फाइल लिहिताना कुरकुर करत नाही.

आणखी दोन स्टिक? नको. चार स्टिक लावल्या की रायझन ७००० साठी एएमडीची अधिकृत हमी ३६०० पर्यंत खाली येते. दोन असताना ती ५२०० असते. चारांवर ६००० चालवणारेही आहेत, पण ते तुमच्याच वाटेने निघालेले लोक. ६४ जीबी हवीच असेल तर या दोन विका आणि ३२ च्या दोन असलेलं एकच किट घ्या.