नाशिकमध्ये येणारी नाटके आणि नवे चित्रपट यांची माहिती ईमेलवर वेळेत कशी मिळवावी?

गूगल अलर्ट्स ही दिलेल्या शब्दांविषयीचा नवा मजकूर ईमेलने कळवणारी, २००३ पासूनची मोफत सोय यासाठी पुरेशी आहे. त्यात आवडत्या कलाकाराचे नाव किंवा “कालिदास कलामंदिर” (नाशिकचे नाट्यगृह) हे शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावेत. ती चिन्हे न दिल्यामुळे मला सुरुवातीला मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिराच्याच बातम्या येत असत. सूचना दिवसातून एकदा मागवावी, कारण चित्रपट बहुधा शुक्रवारी लागतात आणि आठवड्यातून एकदाच येणारी सूचना पहिला खेळ हुकल्यावर हाती पडू शकते. तिकीटविक्रीच्या संकेतस्थळांचे ईमेल मात्र जीमेलच्या ‘प्रमोशन्स’ कप्प्यात, साड्यांच्या सवलतींखाली दडून बसतात. त्यांपैकी एक ओढून ‘प्रायमरी’ या मुख्य कप्प्यात टाकावा आणि पुढचेही तिथेच हवेत का, या विचारणेला होकार द्यावा.