भाची महालक्ष्म्यांना येऊ का विचारतेय, घरचे नाही म्हणतायत

इंदूरच्या रामबागेतून एका आत्याचं पत्र आलंय, मोठं आहे, थोडक्यात सांगते. भावाचा मुलगा म्हणून वाढलेली तिची भाची आता बेंगळुरूला नोकरी करते, काही वर्षांपासून बाई म्हणून राहतेय, नाव बदललंय, भाऊ तिच्याशी बोलत नाही. आत्या तिच्याकडे राहायला गेली तेव्हा दोघींनी मिळून 'कुमु हिना' ही डॉक्युमेंटरी बघितली, आत्या खूप रडली, आणि दुसऱ्या दिवशी भाचीने विचारलं, आत्या, यंदा महालक्ष्म्यांना येऊ का गं? आता घरात मोठे दीर म्हणतात आधी सर्टिफिकेट दाखवू दे, जाऊ म्हणते सगळी पाहुणेमंडळी गेली की रात्री येऊ दे. फक्त सासूबाई म्हणाल्या, पुरण वाटायला हात मिळेल. आत्या विचारतेय, मी काय करू?

ताई, बोलवा तिला. आणि रात्री नाही, दिवसाढवळ्या, सगळ्यांसोबत पंगतीत.

ज्यांनी ती फिल्म बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, 2014 ची आहे, हवाई बेटांमधल्या होनोलुलूची. हिना ही तिथल्या मूळ समाजातली ट्रान्स बाई, शाळेत मुलांना जुने मंत्र, गाणी, हुला नाच शिकवते. तिथे बाईपण आणि पुरुषपण दोन्ही अंगात असलेल्या माणसांना माहू म्हणतात, पूर्वी त्यांना मान असायचा, लोक त्यांच्याकडे उपचाराला, शिकायला जायचे, मग 1820 पासून ख्रिस्ती मिशनरी आले आणि जे मानाचं होतं ते लाजेचं झालं. हिनाला स्वतःला लहानपणी पोरांनी खूप चिडवलेलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते सहावीतल्या त्या पोरीचं, जिला मुलग्यांच्या हुलात, तेही सगळ्यात पुढे उभं राहून नाचायचंय, आणि हिना तिला तू नक्की कोण ते आधी ठरव असं म्हणत नाही, तिला जागा देते आणि बाकीच्यांसारखंच कडक शिकवते. तुम्ही रडलात ते मनापासूनच रडलात, पण ताई, हिनासाठी रडताना आपल्याला कोणाचा राग ओढवून घ्यावा लागत नाही, भाचीसाठी लागणार आहे.

आता दिरांचं सर्टिफिकेट. 15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आपण कोण हे ठरवायचा हक्क त्या माणसाचा, आणि 2019 च्या कायद्यात कलेक्टरकडून ओळखपत्र द्यायची सोय केली गेली. तो कागद बँकेत, पासपोर्टला, नोकरीत लागतो. महालक्ष्मीच्या पंगतीत आजवर कुठल्या भाचीला आधार कार्ड मागितलंय का तुमच्याकडे? आणि आपल्याच मध्य प्रदेशात कटनीला 2000 च्या सुमारास तृतीयपंथी कमला जान महापौर म्हणून निवडून आल्या होत्या, जागा बायकांसाठी राखीव, लोकांनी भरभरून मतं दिली आणि नंतर कोर्टाने त्या पुरुष आहेत म्हणत निवडणूकच रद्द केली. म्हणजे तिथे लोकांनी मानलं आणि कागदाने काढून घेतलं. तुमच्या घरात कागद आला तरी माणसं मानतील का, खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर दीर देणार नाहीत, तुम्हाला द्यायचंय.

ओटी भरायची का, कुंकू लावायचं का, सवाष्णीच्या पानावर कोण, हे तुम्ही दोन पानं भरून लिहिलंय. ती लग्नाची नाही, मग सवाष्णीचा प्रश्नच कुठे आला, घरातल्या दुसऱ्या अविवाहित भाचीला जसं हळदीकुंकू लावता तसं लावा. तिला विचारा ना तिला काय आवडेल! काही मुलींना सगळं हवं असतं, साडी, गजरा, पुरण वाटणं, सोळा भाज्या चिरणं, काहींना नुसतं बसून जेवायचं असतं. माझं विचाराल तर आवाहनाच्या दिवशी ज्येष्ठा-कनिष्ठेपैकी एक तिच्या हातात द्या. उंबऱ्यापासून पावलं काढलेली असतात, आतून कोणीतरी विचारतं कोण आलं, आणि ती म्हणेल महालक्ष्मी आली. गौरी तीन दिवस माहेरी येते असं आपणच मानतो, आणि या पोरीचं तर माहेरच बंद झालंय.

येणाऱ्या बायकांना आधीच एकेकीला फोनवर सांगून ठेवा, ही माझी भाची, हे तिचं नाव, बस. जास्त समजावत बसू नका, आणि जुन्या नावाने कोणी हाक मारली तर लगेच तिथल्या तिथे नाव दुरुस्त करा, ते काम तिच्यावर टाकू नका. जाऊबाईंना सांगा की रात्री बोलावणं म्हणजे न बोलावण्यापेक्षा वाईट. झोपायची सोय तुमच्याच खोलीत करा, लॉजवर वगैरे नाही.

भावाला यंदा समजवायला जाऊ नका, ते एका सणात होणारं काम नाही. पण तो जेवायला येणार असेल तर भाचीला आधी कळवा, यायचं की नाही ते तिला ठरवू द्या. गणपतीच्या दिवसांत गाड्या फुल असतात, बेंगळुरूहून प्रवासही लांबचा, तेव्हा आजच फोन करा तिला.